उशिरा येणारे बाण

आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर दीड वर्ष एक काळी चटई पसरलेली होती. मऊ, रबरासारखी, चार बाजूंना चार बाण छापलेले. तिची वायर लॅपटॉपला, लॅपटॉप टीव्हीला. गाणं सुरू झालं की पडद्याच्या तळातून बाण वर सरकत येतात. वर चार रिकाम्या खुणा असतात. बाण आपल्या खुणेवर पोचला की त्याच क्षणी चटईवरच्या तशाच बाणावर पाय पडला पाहिजे. वेळेत पडला तर पडद्यावर शाबासकी झळकते, मागेपुढे झाला तर 'मिस'. डान्स पॅड म्हणतात त्याला. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाला मी तो हौसेनं मागवला.

हौसेनं म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. भरपाई म्हणून मागवला.

त्याआधी आम्ही मल्लेश्वरमला भाड्याच्या घरात राहायचो. मुलगी लहान असल्यापासून तिथेच, दोन गल्ल्या सोडून, भरतनाट्यम शिकायला जायची. जुन्या घराचा वरचा मजला, लाल गुळगुळीत जमीन, आणि बाई लाकडी फळीवर काठीनं ताल धरायच्या. तो ठोका रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. तिला आणायला गेलो की मी खाली स्कूटरवर बसून ऐकायचो. नाचातलं मला काही कळत नाही, पण तिचे पाय त्या ठोक्याबरोबर जमिनीवर पडायचे, एकाच वेळी, हे मलाही कळायचं.

माझा कारखाना होसकोटेला. रोज अख्खं शहर ओलांडून जायचं आणि परत यायचं, हे पंचेचाळिशीनंतर झेपेना. मग आम्ही के. आर. पुरमला फ्लॅट घेतला. माझा प्रवास अर्ध्याहून कमी झाला, तिचा क्लास सुटला. "इथेही क्लास असतीलच की," मी म्हणालो. एक बघितलाही. बाहेर आल्यावर ती "नको" एवढंच म्हणाली. ते 'नको' त्या क्लासला होतं. मी ते नाचालाच आहे असं धरलं, कारण तसं धरणं सोयीचं होतं. मल्लेश्वरमचं म्हटलं तर माझं वाक्य तयार असायचं: "बसनं जाऊन-येऊन अख्खा दिवस जाईल." पुढे मेट्रो आमच्या इथपर्यंत जोडली गेली. मी वाक्य बदललं नाही.

आणि मग हा पॅड. नाच तो नाच, असं माझं गणित. खोका उघडल्यावर तिनं चटईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." खेळलीसुद्धा. दोन गाण्यांत तिनं जवळजवळ सगळे बाण पकडले. ते बघून मलाही उत्साह आला आणि मी चटईवर चढलो. मला एकही धड जमेना. माझ्या उड्या बघून ती पोट धरून हसली. नव्या घरात आल्यापासून ती माझ्यासमोर अशी हसली नव्हती. मी ठरवून टाकलं की रोज खेळायचं.

इथे मला माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. सकाळी पहिलं काम म्हणजे प्रत्येक उपकरणाचं शून्य शून्यावरच आहे ना, हे बघायचं. नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, "वस्तू मापात बसत नसेल तर वस्तू दुरुस्त करा. मापाला हात लावायचा नाही."

त्या खेळात एक सेटिंग होतं. टीव्हीचा आवाज किंचित मागून येत असेल, तर त्या हिशोबानं बाण पुढेमागे सरकवता येतात. त्यासाठी एक चाचणी असते: खेळ टिक-टिक वाजवतो, आपण प्रत्येक टिकबरोबर पाय टाकायचा, मग तो स्वतःला जुळवून घेतो. माझे पाय सारखे चुकत होते, तेव्हा दोष टीव्हीचा असणार, असं मला वाटलं. अगदी प्रामाणिकपणे वाटलं. मुलगी शाळेत असताना, एका सुट्टीच्या दिवशी, ती चाचणी मी दिली. माझ्या पायांनी. मी टिक ऐकायचो आणि मग पाय उचलायचो. खेळानं सगळे बाण माझ्या उशिराइतके मागे नेले.

संध्याकाळपासून मला शाबासक्या मिळायला लागल्या. मुलीला मात्र मिस, मिस, मिस.

"बाबा, काहीतरी बिघडलंय."

"बिघडलेलं नाही. उलट आत्ता बरोबर झालंय."

"अरे, गाणं एकीकडे आणि बाण दुसरीकडे चाललेत."

"तू गाणं ऐकतेस म्हणून चुकतेस," मी म्हणालो. "गाणं ऐकूच नकोस. फक्त बाण बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ओके."

थोड्या दिवसांत तिलाही जमायला लागलं. मला वाटलं, बघा, सवयीनं येतं.

सात वाजता मी घरी पोचायचो. चहा घेतला की आमची अर्धा तास नाचाची वेळ. पहिले काही महिने बरे गेले. नंतर मला कंटाळा यायला लागला. गुडघे दुखायचे. दिवसभर कारखान्यात उभं राहून आल्यावर पुन्हा उड्या मारायच्या, तीच गाणी, तेच बाण. पण थांबवायचं कसं? ती अकरावीत गेली होती. दार लावून अभ्यास करायची, जेवताना फोनमध्ये असायची. दिवसभरात माझ्या वाट्याला तेवढाच अर्धा तास यायचा. त्यातही बोलणं म्हणजे "तुझा पाय माझ्या बाणावर येतोय, बाबा" एवढंच. पण आवाज तरी यायचा. पॅड गुंडाळला तर तोही जाईल, ही मला भीती. आणि तिला खेळायचं नसेल, अशी शंका आली की मी ती दाबून टाकायचो. सात वाजले की ती न बोलावता बाहेर यायची, केस बांधायची, चटईवर उभी राहायची. तिच्या चेहऱ्यावर काही नसायचं. शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी उभी राहायची.

माझी बायको पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. ती हेडफोन गळ्यात अडकवून दारात यायची.

"तुमचं सुरू झालं की माझ्या कॉलवरचे लोक विचारतात, घरात फोडाफोडी चाललीय का?"

"अर्धाच तास असतो."

"अर्ध्या तासाचं नाही म्हणत मी. तिला एकदा विचार तरी, तिला हवंय का हे."

"तिला आवडतं."

"विचारलंस?"

मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं.

मग मी बाहेरून सुटका शोधायला लागलो. आमच्या खालच्या मजल्यावर एक अज्जी एकट्या राहतात. त्यांनी आवाजाची तक्रार करावी, असं मला मनातून फार वाटायचं. म्हणजे कुणाचाच दोष नाही, शेजारधर्म म्हणून बंद. त्या काही म्हणेनात. शेवटी एकदा लिफ्टमध्ये मीच माझ्या मोडक्या कन्नडमध्ये विषय काढला. "संध्याकाळी आमच्याकडून फार धपधप होते. तुम्हाला त्रास होत असेल ना, अज्जी?"

"परवागिल्ला, परवागिल्ला," त्या हसून म्हणाल्या. काही हरकत नाही. वर पुन्हा माझ्या दंडावर थोपटलं. "खेळा. घरात आवाज असावा."

त्या त्यांच्या मजल्यावर उतरल्या, मी आमच्या. मुलगी केस बांधून उभी होती.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी तिची मल्लेश्वरमची मैत्रीण आली. दोघी एकाच क्लासमधल्या. मैत्रिणीचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मी कन्नड. मी दार उघडलं तर ती एकटीच.

"कुणाबरोबर आलीस गं?"

"एकटीच आले की हो काका. मॅजेस्टिकला मेट्रो बदलायची, झालं. पुस्तक वाचत आले." आणि चपला काढता काढता म्हणाली, "हिला तुम्ही कुठे लपवून ठेवलंय म्हणून बघायला आले."

गमतीनं म्हणाली ती. मुलगी हसली. मीही हसलो.

मैत्रिणीनं पॅड बघितला आणि लगेच चढली. गाणं लागलं. नाच शिकलेली ती, पाय कसे टाकते, ते बघण्यासारखं होतं. आणि पडद्यावर मिस, मिस, मिस. गाणं संपेपर्यंत एक शाबासकी नाही.

"काका, हे स्वल्प लेट आहे की! टीव्ही खराब आहे काय?"

मी बोलणार एवढ्यात मुलगी सोफ्यावरूनच शांतपणे म्हणाली, "टीव्ही नाही गं. बाबाचं सेटिंग आहे ते. गाणं ऐकायचं नाही. ठोका पडला की थोडं थांबायचं आणि मग पाय टाकायचा."

"म्हणजे चुकीचं नाचायचं?"

"हं. सवय होते."

मैत्रीण खो-खो हसत सुटली. "सरी, सरी. बरं, मग तू ये इकडे. हे बाजूला ठेव, खरं करू या." तिनं पायानं चटई सरकवली, ओढणी कमरेला बांधली आणि मुलीला ओढून शेजारी उभं केलं. दोघी गुडघे बाहेर वळवून अर्ध्या बसल्या. लहानपणी पहिल्या दिवशी शिकवतात तीच पायरी. मैत्रीण टाळी वाजवून बोल म्हणायला लागली, "तै-या-तै, तै-या-तै."

फरशीवर चार टाचा पडत होत्या. आवाज एक यायला हवा होता. दोन येत होते. एक टाळीबरोबर, आणि तिच्यामागून, किंचित मागून, दुसरा.

"काय गं, मागे का राहतेस?"

"थांब, परत."

परत घेतलं. पुन्हा दोन आवाज. मुलीनं ओठ दाबले, जमिनीकडे बघायला लागली, पाय जोरात आपटायला लागली. जोर वाढला, उशीर तेवढाच. तिसऱ्यांदा ती मध्येच थांबली, सरळ उभी राहिली आणि स्वतःच्या पायांकडे बघत राहिली. मी तिचा चेहरा बघितला आणि स्वयंपाकघरात निघून गेलो. मुलींसाठी सरबत करतोय, असं दाखवलं. कितीतरी वेळ पाण्यात चमचा ढवळत उभा होतो. मापाला हात लावायचा नाही, हे सांगत ज्यानं आयुष्य काढलं, त्यानं घरातल्या एकुलत्या एका बिनचूक मापाला हात लावला होता. आणि वर तिला सांगितलं होतं, गाणं ऐकूच नकोस.

मैत्रीण गेली. संध्याकाळचे सात वाजले. मुलगी खोलीतून बाहेर आली, केस बांधले, सरकवलेली चटई नीट केली आणि उभी राहिली. एवढं सगळं होऊनही ती येऊन उभी राहिली, हे मला सहन होईना.

"आज नको," मी म्हणालो.

"का? गुडघा?"

"तुला हे खेळायचं असतं का गं?"

ती चटईचा कोपरा पायानं सरळ करायला लागली.

"खरं सांग."

"तुला खेळायचं असतं ना?" ती म्हणाली. "आई म्हणाली होती, बाबाची शुगर वाढलीय, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, तो चालत नाही. तुझ्यामुळे तेवढा हलतो तरी. म्हणून मी..."

मी बायकोकडे बघितलं. ती दारातच होती. "हो, सांगितलं होतं मी. पहिल्या महिन्यात. पुढचं सगळं तुमचं तुम्हीच केलंत. दोघांपैकी एकानं तोंड उघडलं तर शपथ."

मी खाली चटईवर बसलो. बसूनच सांगितलं. "ती चाचणी मी दिली होती, तू शाळेत असताना. तू म्हणालीस ना काहीतरी बिघडलंय, तेच बरोबर होतं. माझ्या पायांवर लावून ठेवलं मी ते."

"मला माहीत होतं, बाबा."

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुला पहिल्यांदाच शाबासकी मिळाली होती. तू इतका खूश होतास."

मी विचारलं, "क्लासला जायचंय परत?"

"आता काय उपयोग? पाय बघितलेस ना माझे?"

"मी सोडत जाईन दर शनिवारी. मी थांबेन खाली."

"नको." ती पटकन म्हणाली, आणि मग जरा हळू, "गेले तर एकटी जाईन. मेट्रोनं. तू नको येऊस."

मैत्रीण दुपारी एकटी आली, एकटी गेली, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. तरीही तोंडात नकारच आला. गर्दी, मॅजेस्टिकचे जिने, संध्याकाळची वेळ, सगळी कारणं रांगेनं उभी राहिली. त्यांच्या मागे खरं कारण होतं ते एवढंच की ती गेली की माझ्या वाट्याला काही राहत नव्हतं. पॅड तर आता गेलाच होता. "ठीक आहे" हे दोन शब्द म्हणायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला.

बाईंनी तिला लहान मुलींच्या वर्गात बसवलं. पहिल्या पायरीपासून. तिच्या कमरेइतक्या उंचीच्या पोरी, आणि त्यांच्यात ही. पहिल्या शनिवारी घरी आली ती थेट खोलीत गेली आणि दार लावलं. मला वाटलं, संपलं. थोड्या वेळानं आतून आवाज आला. टाच फरशीवर. मग तोंडानं बोल, मग पुन्हा टाच. त्या दिवसापासून ती रोज करायला लागली. तिच्या पायांना सातची सवय होती, म्हणून सातलाच. मी हॉलमध्ये टीव्ही न लावता बसायचो. बोल आणि टाच यांच्यामध्ये अजून फट होती. कधी ती मिटायची, कधी पुन्हा उघडायची. मला आत जायचं नव्हतं, पण बंद दारातून ऐकायला तर कुणाची ना नव्हती. खरं सांगायचं तर त्या आवाजावर मी पुन्हा माझं बस्तान बसवायला लागलो होतो.

आणि एक दिवस दाराची घंटा वाजली. खालच्या अज्जी. हात जोडून, अवघडून उभ्या.

"वाईट मानू नका," त्या म्हणाल्या. "आधी तुमचं ते धप-धप होतं, त्याचं काही नाही. हे आताचं ठक-ठक डोक्यात जातं. मी या वेळेला पोथी वाचते. एक ओळ लागत नाही." मग हॉलमध्ये डोकावून, "ते मऊ अंथरलेलं असायचं ना इथे, त्यावर दोघं मिळून नाचायचात? तेच करा की परत."

कितीतरी महिने मी ज्या तक्रारीची वाट बघितली, ती दारात उभी होती. आणि तिनं मला माझा अर्धा तास परत आणून दिला होता, तोही शेजारधर्माच्या नावानं. मुलीला नुसतं सांगायचं होतं की अज्जींना त्रास होतो, पुन्हा हॉलमध्ये त्या चटईवर कर. मऊ चटईवर नुसतं धप होतं, टाचेचा ठोका वाजत नाही. ठोका वाजला नाही, तर पाय वेळेत पडला की नाही, हे तिला कळलं नसतं. तिनं नेहमीसारखं "ओके" म्हटलं असतं.

"ते आता नाही, अज्जी," मी म्हणालो. "मुलगी शिकतेय. पाय वाजायलाच लागतात. तुम्ही वेळ सांगा, त्या वेळी करेल ती."

त्यांनी विचार केला. "सहा ते सात मी खाली बाकावर बसते, बायकांबरोबर. तेव्हा किती का वाजवेना."

सहा ते सात मी होसकोटेच्या रस्त्यावर असतो.

"सरी, अज्जी," मी म्हणालो.

दार लावलं तेव्हा आतला आवाज थांबला होता. मुलगी खोलीच्या दारात घामेजून उभी होती.

"कोण होतं?"

"खालच्या अज्जी. सातला त्या पोथी वाचतात. उद्यापासून सहा ते सात करशील का?"

"तेव्हा तू नसतोस."

"नसतो."

ती माझ्याकडे बघत राहिली, त्या पहिल्या दिवशी बघितलं होतं तसंच. पण 'ओके' म्हणाली नाही. "बरं," म्हणाली, आणि दार लावायच्या आधी पुन्हा डोकं बाहेर काढलं. "आणि तू खाली उतरून चालायला लाग. शुगर माझ्या पायांनी कमी होत नसते."

पॅड आता माळ्यावर आहे. टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. जेवणाआधी मी खाली आवारात फेऱ्या मारतो. वर पोथी वाचणाऱ्या अज्जींच्या खिडकीत दिवा असतो. तिचा ताल जुळला की नाही, हे मला माहीत नाही. मी ऐकलेलाच नाही, रविवारीही त्या तासाला मी बाहेरच असतो. सातला मी घरी पोचतो तेव्हा ती हॉलमध्ये कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेली असते, टाचा लाल झालेल्या. मी डबा ठेवतो, हात धुतो आणि शेजारी खुर्ची ओढून बसतो. काही दिवशी ती काहीतरी सांगते. काही दिवशी पाणी गार होईपर्यंत आम्ही दोघं नुसते बसून असतो.